नव्वद टक्के कशाचे?

माझ्या पीएचडीच्या प्रस्तावाचं सादरीकरण होतं त्या दिवसाची गोष्ट. पहिल्याच स्लाइडवर मी ठळक अक्षरांत लिहिलं होतं : ‘भारतात पीईटी प्लास्टिकचे ९० टक्के पुनर्चक्रीकरण होते.’ खाली जपान, युरोप, अमेरिका यांचे आपल्यापेक्षा कमी आकडे. सुरुवात झोकात होईल असा माझा हिशोब होता. समितीतल्या एका मॅडमनी विचारलं, "नव्वद टक्के कशाचे?" मी म्हणालो, "पीईटीचे." त्या म्हणाल्या, "ते दिसतंय मला. छेदात काय आहे? आणि अंशात?"

मला सांगता आलं नाही. आकडा मी एका शोधनिबंधाच्या प्रस्तावनेतून उचलला होता, त्या निबंधाने दुसऱ्या निबंधातून आणि त्या दुसऱ्याने वर्तमानपत्रातल्या बातमीतून. पुढची वीस मिनिटं मी काय बोललो ते आता आठवत नाही, आठवायची इच्छाही नाही.

आज त्याच आकड्याबद्दल लिहितोय. तुमच्यापैकी बरेच जण संशोधनाचा विषय शोधताय, आणि ‘चक्रीय अर्थव्यवस्थेत कचरा व्यवस्थापनाची भूमिका’ हा विषय हल्ली खूप जणांच्या यादीत असतो. विषय चांगला आहे. पण त्यावरच्या लिखाणात एक खोड आहे आणि ती ओळखायला ही पीईटीची बाटली पुरते.

आधी आकड्याचा माग काढू. २०१७ च्या सुमारास पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या, म्हणजे आपल्या एनसीएलच्या अभ्यासाच्या हवाल्याने हा ९० टक्क्यांचा आकडा सगळीकडे छापून आला. त्याची फोडही बातम्यांत होती : सुमारे ६५ टक्के नोंदणीकृत कारखान्यांत, १५ टक्के असंघटित क्षेत्रात आणि १० टक्के घरातच पुन्हा वापर. शेवटचा हिस्सा परत वाचा. घरातच पुन्हा वापर. म्हणजे फ्रिजमध्ये पाणी भरून ठेवलेली बाटली. आमच्या घरी अशा बाटलीत गोडंतेल असायचं, नंतर फिनेल, आणि शेवटी ती कुंडीत उलटी खोचलेली. वापर म्हणून उत्तमच आहे. पण ती बाटली अजून कचऱ्यात आलेलीच नाही. आज ना उद्या येईल, आणि तेव्हा तिचं काय होईल ते या आकड्याला माहीत नाही. तिला ‘पुनर्चक्रीकरण झालं’ या रकान्यात टाकणं म्हणजे परीक्षेला न बसलेल्या मुलाला उत्तीर्ण धरण्यासारखं झालं.

यात दोष अभ्यास करणाऱ्यांपेक्षा आकडा वाहून नेणाऱ्यांचा जास्त आहे. मीही त्यातलाच. फोड समोर असताना आम्ही बेरीज तेवढी उचलली आणि शेजारी इतर देशांचे आकडे ठेवले. ते देश नेमकं काय मोजतात हे न पाहता.

काय मोजतात, म्हणजे खरं तर कुठे उभं राहून मोजतात, हाच या क्षेत्रातला कळीचा प्रश्न आहे. बाटलीचा प्रवास डोळ्यासमोर आणा. घरातून कचरावेचकाच्या पोत्यात. तिथून भंगारच्या दुकानात, तिथे रंगानुसार निवड. मग मोठ्या व्यापाऱ्याकडे दाबून गाठी बांधल्या जातात. गाठी धुण्याच्या कारखान्यात जातात, तिथे झाकण-लेबल वेगळं होतं, बाटलीचा चुरा होतो, गरम पाणी आणि कॉस्टिक सोड्याने धुऊन त्याचे स्वच्छ फ्लेक्स मिळतात. ते वितळवून धागा किंवा दाणा. आता सांगा, वजनकाटा कुठे ठेवायचा? भंगारच्या दुकानात ठेवला तर झाकण, लेबल, डिंक, आत राहिलेलं पाणी, माती सगळं धरून वजन होईल. फ्लेक्सपाशी ठेवला तर त्यातला बराच भाग गळालेला असेल. दोन्ही आकड्यांना लोक ‘रिसायकलिंग रेट’ म्हणतात.

युरोपीय संघाला हा घोळ कळला होता. त्यांनी २०१८-१९ मध्ये नियम बदलले आणि गोळा केलेल्या किंवा निवडलेल्या मालाऐवजी प्रत्यक्ष पुनर्चक्रीकरणाच्या प्रक्रियेत शिरणारा माल मोजायचा असं ठरवलं. कारखाने तेच, कचराही तोच, फक्त काटा पुढे सरकवला. म्हणून बदलाच्या आधीची आणि नंतरची वर्षं जोडून काढलेला आलेख दिसला, तर सावध व्हा.

आता थोडं रसायनशास्त्र. कारण ‘वर्तुळ’ हा शब्द सगळ्यात आधी इथे अडखळतो, आणि सामाजिक शास्त्रांच्या बाजूने आलेल्या निबंधांत हा भाग बहुधा एका वाक्यात उरकलेला असतो.

पीईटी म्हणजे एस्टर बंधांची लांब साखळी. बाटलीसाठी साखळी लांब लागते, धाग्यासाठी थोडी आखूड चालते. ही लांबी ढोबळमानाने इंट्रिन्सिक व्हिस्कॉसिटीने मोजतात. बाटलीच्या दर्जाला ती साधारण ०.७५ ते ०.८५ डेसिलिटर प्रति ग्रॅम लागते, कापडाच्या धाग्याला ०.६ च्या थोडं वर पुरते. ओले फ्लेक्स २६०-२८० अंश सेल्सियसला वितळवले की पाणी एस्टर बंध तोडतं. एक बंध तुटला की एका साखळीच्या दोन होतात. म्हणून वितळवण्याआधी फ्लेक्स कडक सुकवावे लागतात. लांबी परत वाढवता येते, त्याला सॉलिड-स्टेट पॉलिमरायझेशन म्हणतात : वितळणबिंदूच्या खाली, २०० अंशांच्या वर, निर्वातात किंवा नायट्रोजनमध्ये दाणा तासन् तास तापवत ठेवायचा. जमतं, पण त्याला यंत्रं लागतात, ऊर्जा लागते, आणि मुळात माल स्वच्छ लागतो.

स्वच्छतेचं उदाहरण म्हणून पीव्हीसी घ्या. झाकणं पॉलिप्रॉपिलीनची किंवा एचडीपीईची असतात, पाण्यावर तरंगतात, सहज वेगळी होतात. पीव्हीसीची घनता मात्र पीईटीच्या इतकी जवळ आहे की दोन्ही बुडतात. पीईटीच्या तापमानाला पीव्हीसीतून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं आणि ते साखळ्या आणखी तोडतं, मालाला पिवळेपणा येतो. दहा लाखांत काही दहा भाग एवढं पीव्हीसीसुद्धा त्रास देतं. म्हणजे कोणीतरी बाटलीवर पीव्हीसीचं चकचकीत लेबल चढवायचं ठरवलं, तर त्याचा भुर्दंड दोन वर्षांनी दुसऱ्याच गावातल्या धुण्याच्या कारखान्याला पडतो. ‘कचरा व्यवस्थापन सुधारा’ असं म्हणताना हे लक्षात ठेवा. बिघाड कचऱ्यात झालेला नाही, लेबल निवडणाऱ्याच्या टेबलावर झाला आहे.

म्हणूनच आपल्याकडच्या बहुतेक पीईटीच्या बाटल्या बाटली होण्यासाठी परत येत नव्हत्या. त्यांचा पॉलिएस्टरचा धागा व्हायचा : टी-शर्ट, उशीतला कापूस, गालिचे, बांधण्याच्या पट्ट्या. त्याला कायद्याचंही कारण होतं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांत खाद्यपदार्थांच्या वेष्टनाला पुनर्चक्रित प्लास्टिक चालत नव्हतं. २०२२ मध्ये अटींसह वाट उघडली. धागा करण्यात वाईट काहीच नाही, नवं पॉलिएस्टर बनवण्यापेक्षा ते बरंच. पण तो टी-शर्ट बहुधा सुताबरोबर मिसळलेला, रंगवलेला, शिवलेला असतो. तो फाटला की पायपुसणं होतं आणि मग उकिरड्यावर जातो. त्यातून परत बाटली सोडाच, परत टी-शर्टही क्वचितच होतो. याला वर्तुळ म्हणायचं की एक वळण घेऊन पुढे गेलेली सरळ रेष?

हिशोब करून बघा. समजा (हे आकडे माझे, फक्त समजण्यापुरते) १०० किलो बाटल्यांपैकी ९० गोळा होतात आणि धुण्या-वितळवण्यात ८० टक्के हाती लागतं. म्हणजे फेरीला ०.७२. बाटलीची बाटलीच होत राहिली, तर तिसऱ्या फेरीनंतर मूळच्या शंभरातले ३७ किलो उरतात, पाचव्यानंतर १९. भूमितीय श्रेणीची बेरीज केली तर एक किलो मालाचे एकूण सुमारे ३.६ किलोइतके उपयोग होतात. तेच, एकदा धागा करून थांबलो तर १.७२. गोळा करण्याचं प्रमाण दोन्हीकडे तेच, ९० टक्के. माझ्या स्लाइडवरचा आकडा या दोन अगदी वेगळ्या जगांत फरकच करू शकत नव्हता.

आता साहित्याकडे येऊ. २०१७ मध्ये किरशेर, राइके आणि हेकर्ट यांनी चक्रीय अर्थव्यवस्थेच्या ११४ व्याख्या गोळा करून तपासल्या. हा निबंध तुम्ही वाचाच, कारण तो उद्धृत सगळे करतात, बहुतेक जण ‘११४ व्याख्या आहेत, एकमत नाही’ एवढ्याचसाठी. त्यातला खरा ऐवज वेगळा आहे. पुनर्चक्रीकरणाचा उल्लेख जवळजवळ पाचातल्या चार व्याख्यांत होता, वापरच कमी करण्याचा मात्र निम्म्याहून थोड्या जास्त व्याख्यांत. उतरंडीत जे सगळ्यात खालचं, ते बोलण्यात सगळ्यात वर. मला वाटतं यामागे साधं कारण आहे : पुनर्चक्रीकरण मोजता येतं, त्याचा कारखाना दाखवता येतो, त्याचं उद्घाटन होतं. न बनलेल्या बाटलीचं उद्घाटन कसं करणार?

त्या निबंधावरही माझा आक्षेप आहे. व्याख्येत कोणता शब्द आला हे मोजून आपल्याला कळतं की लोक काय म्हणतात. पण मधल्या बाणावर किती किलो माल वाहतो हे त्यातून कळत नाही. शब्दांची गणती हा पदार्थांच्या प्रवाहाचा अभ्यास नव्हे. तसा त्यांचा दावाही नाही, पण पुढे उद्धृत करणाऱ्यांनी ही सीमा पुसून टाकली आहे.

प्रवाहाचं चित्र बघायचं तर गायर, जॅम्बेक आणि लॉ यांचा २०१७ चाच निबंध. १९५० ते २०१५ या काळात जगात अंदाजे ८३० कोटी टन प्लास्टिक बनलं. त्यातून जो कचरा झाला त्यातला सुमारे ९ टक्के पुनर्चक्रित झाला, १२ टक्के जाळला गेला, ७९ टक्के कचराभूमीत किंवा निसर्गात साचला. हा ९ टक्क्यांचा आकडाही आता वाट्टेल तिथे वापरला जातो. तो गेल्या वर्षीचा दर नाही, पासष्ट वर्षांची साठलेली बेरीज आहे. इथेही छेद बघायचा.

याच गायर यांनी ट्रेव्हर झिंक यांच्याबरोबर लिहिलेला आणखी एक निबंध मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्यांचा मुद्दा असा : पुनर्चक्रीकरणाचा पर्यावरणाला फायदा तेव्हाच, जेव्हा त्या मालामुळे नवा माल बनायचा थांबतो. थांबला नाही तर? जुन्या बाटलीचा स्वस्त धागा बाजारात आला, त्यामुळे कपडे स्वस्त झाले, लोकांनी जास्त घेतले, आणि नवं पॉलिएस्टर होतं तेवढंच बनत राहिलं. मग आपण काही वाचवलं नाही, वर आणखी एक उद्योग उभा केला. ऊर्जेच्या क्षेत्रातल्या रिबाउंडसारखाच हा परिणाम. जीवनचक्र विश्लेषणात मात्र बहुतेक वेळा गृहीत धरलेलं असतं की एक किलो पुनर्चक्रित माल एक किलो नवा माल हटवतो. हे गृहीतक पद्धतींच्या विभागात कुठेतरी एका ओळीत दडलेलं असतं, आणि अख्खा निष्कर्ष त्याच ओळीवर उभा असतो. पुढचा निबंध वाचाल तेव्हा ती ओळ शोधा. सापडली नाही तर ते आणखी गंभीर.

नवा माल किती हटेल हे पुन्हा कचऱ्याच्या नव्हे, तेलाच्या भावावर ठरतं. कच्चं तेल पडलं की नवा दाणा स्वस्त होतो आणि जुन्या बाटलीला गिऱ्हाईक राहत नाही. २०२० मध्ये हे झालं. कचरा तितकाच होता, व्यवस्थापन तेच होतं, ‘चक्र’ मात्र ढिलं पडलं.

(थोडं विषयांतर. टिकाऊ वस्तूंमध्ये आणखी एक अडचण आहे. पोलादाची मागणी वर्षाला ५ टक्क्यांनी वाढत असेल आणि पोलाद इमारतीत ३० वर्षं राहत असेल, तर आज भंगारात येणारं पोलाद हे ३० वर्षांपूर्वीच्या मागणीएवढं असेल, म्हणजे आजच्या मागणीच्या एक चतुर्थांशाहूनही कमी. शंभर टक्के गोळा केलं, काहीही वाया घालवलं नाही, तरी. भारतासारख्या बांधकाम चालू असलेल्या देशाला कचऱ्यातून वर्तुळ पूर्ण करा म्हणणं हे अंकगणितातच बसत नाही.)

आपल्या धोरणात एक गोष्ट मला बरी वाटते. २०२२ च्या फेब्रुवारीत प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांत उत्पादकांच्या विस्तारित जबाबदारीची मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यात फक्त ‘किती गोळा केलंत’ हे विचारलेलं नाही, ‘नव्या वेष्टनात किती जुनं घातलंत’ हेही विचारलं आहे. कडक प्लास्टिकच्या वेष्टनांसाठी २०२५-२६ ला ३० टक्के आणि तिथून वाढत २०२८-२९ ला ६० टक्के. काटा नव्या बाटलीपाशी नेऊन ठेवला. माझ्या मते मोजायची योग्य जागा तीच. पण मोजणी कागदावरून होते आणि कागद विकता येतो. २०२३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत मोजक्या पुनर्चक्रीकरण कंपन्यांनी लाखांच्या संख्येने खोटी प्रमाणपत्रं काढल्याचं उघड झालं. ज्यांना प्रबंधाला विषय हवाय त्यांना सांगतो, या प्रमाणपत्रांची पडताळणी पदार्थांच्या ताळेबंदाने करता येईल का, हा प्रश्न अजून पुरेसा कोणी धसाला लावलेला नाही.

शेवटचा आक्षेप मात्र मला सगळ्यात जास्त बोचतो. हे सगळं वाचताना ‘असंघटित क्षेत्र’ नावाचा एक चौकोन तुम्हाला प्रत्येक आकृतीत भेटेल, बहुधा तुटक रेघांचा. ९० टक्के असो की ७०, तो आकडा ‘व्यवस्थापना’ने झालेला नाही. तो या तुटक चौकोनातल्या लोकांनी वाकून-वाकून उचललेला आहे. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून आहे, आणि तिच्यातून उभी राहिलेली ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था महापालिकेबरोबर घरोघरी कचरा गोळा करते. तिथल्या ताईंना विचारा, पीईटी का उचलता आणि बिस्किटाचं रॅपर का नाही. एका शब्दात उत्तर येईल : भाव. पीईटी गोळा होतं कारण त्याला भाव आहे, आणि उचलणाऱ्याची मजुरी इतकी कमी आहे की त्या भावातही ते परवडतं. हे आपल्या यशाचं खरं सूत्र असेल, तर ‘विकसित देशांच्या पुढे’ म्हणून ते मिरवताना आपण नक्की काय मिरवतोय?

आणि इथे चक्रीय अर्थव्यवस्थेची दोन तत्त्वं एकमेकांवर आदळतात. बाटली हलकी करणं हे ‘वापर कमी करा’चं पाठ्यपुस्तकातलं उदाहरण. समजा २५ ग्रॅमची बाटली १८ ग्रॅमची झाली. प्लास्टिक वाचलं, कंपनीच्या अहवालात हिरवं पान आलं. पण कचरावेचकाला पैसे किलोवर मिळतात. आधी ४० बाटल्यांचा किलो व्हायचा, आता ५५-५६ लागतात. तेवढ्याच पैशासाठी पंधरा वेळा जास्त वाकायचं. बाटली हलकी करण्याचं मूल्यमापन करणारे जे निबंध मी वाचले, त्यांत कार्बन होता, पाणी होतं, ऊर्जा होती. पाठीचा कणा नव्हता. किलोऐवजी नगावर पैसे दिले तर काय होईल, याचं गणित मी सध्या मांडतोय.

प्रस्तावातलं ते वाक्य मी बदललं. आता तिथे चार ओळी आहेत : किती गोळा होतं, किती फ्लेक्स होतात, किती धागा होतो, किती परत बाटली होते. त्यातल्या दोन ओळींपुढे अजून प्रश्नचिन्हं आहेत. फ्लेक्सचा आकडा मिळावा म्हणून एका धुण्याच्या कारखान्यात गेलो होतो. मालकांना विचारलं, शंभर किलो गाठीतून साधारण किती निघतं? ते हसले. "आत्ता उन्हाळ्यात विचारताय. पावसाळ्यात या. तेव्हा गाठ पाण्यानं आणि चिखलानं फुगलेली असते, आम्ही वजनात कट मारतो, व्यापारी त्याच्या खालच्या दुकानदाराला मारतो, आणि तो वेचणाऱ्या बाईला. कुठलं शंभर धरायचं ते तुम्हीच ठरवा."

जुलैत जाणार आहे.